ओळखीच्या वर्तुळाबाहेर

काम ओळखीतून मिळते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती ओळख करायची कशी, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नसते. ज्या घरात आधीपासून डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर आहेत, तिथल्या मुलाला ती जेवताना कानावर पडणाऱ्या गप्पांतूनच मिळत जाते. ज्या घरात आपणच पहिले पदवीधर, तिथे ती स्वतः मिळवावी लागते. आणि मिळवायला निघाले की संकोच आडवा येतो. आपण कुणाच्या पुढेपुढे तर करत नाही ना, असे वाटत राहते. हा लेख मुख्यतः अशा वाचकासाठी आहे. व्यावसायिक ओळखी स्वाभिमान सांभाळून करता येतात, त्यांची एक रीत आहे आणि तिचा पाया काम हाच असतो, असे माझे ठाम मत आहे.

गाव, गावकी आणि जॉबर

ओळखीचे जाळे मराठी माणसाला नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसे भरण्याचे काम अनेक दशके जॉबरच्या हातात होते. कोणाला खात्यात घ्यायचे, कोणाला बदलीवर ठेवायचे, कोणाला काढायचे, हे बहुतांशी तोच ठरवी. साहजिकच तो आपल्या गावची, नात्यातली, खात्रीची माणसे आणी. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला तरुण गावकीच्या खोलीवर उतरे, खानावळीत जेवे आणि तिथल्याच कुणाच्या तरी शब्दावर गिरणीत चिकटे. १९३५ मध्ये जॉबरची ही सत्ता कमी करण्यासाठी बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आली, तरी गावच्या माणसाने गावच्या माणसाला कामाला लावण्याची रीत सुटली नाही.

या व्यवस्थेने परक्या शहरात पहिल्या दिवसापासून छप्पर, जेवण आणि उधारी दिली, हे तिचे उपकार मोठे आहेत. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी. अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांत जाणाऱ्या मुलामुलींच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाली आणि इंग्रजी येणाऱ्याचा पगार झपाट्याने वाढू लागला. तरीही कामगारवर्गातल्या जातींमधले मुलगे मराठी माध्यमाकडेच जात राहिले, कारण वडिलांच्या किंवा काकांच्या शब्दावर मिळणारी कामगाराची नोकरी त्यांच्यासमोर होती. मुलींसाठी असे कुठलेच जाळे नव्हते, म्हणून त्यांना अडवणारेही काही नव्हते. नव्या संधींचा फायदा त्यांनी अधिक घेतला.

मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला सांभाळणारे जाळेच आपल्याला एका जागी बांधून ठेवते, हे त्यात स्वच्छ दिसते. नवे काम, नवी विद्या, नवे शहर हवे असेल, तर आपल्या माणसांपलीकडे ओळखी लागतात.

लांबची ओळख जास्त उपयोगी का पडते

हीच गोष्ट अमेरिकेत एका तरुण समाजशास्त्रज्ञाला वेगळ्या वाटेने सापडली. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामांतल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, ज्याने तुम्हाला बातमी दिली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा जुना सहकारी, वर्गातला एखादा मागच्या बाकावरचा, कुठल्याशा बैठकीत भेटलेला माणूस, अशांकडून आलेली बातमी जास्त कामाची ठरली होती. ‘दुबळ्या धाग्यांची ताकद’ अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा निबंध १९७३ मध्ये छापून आला. त्याआधी दुसऱ्या एका नियतकालिकाने तो परत पाठवला होता. पुढे तो समाजशास्त्रातल्या सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या निबंधांपैकी एक ठरला.

कारण समजायला अवघड नाही. जवळचे मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात; त्यांना जे कळते ते बहुधा आपल्यालाही कळलेले असते. लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळात जगतो आणि तिथली खबर आपल्यापर्यंत फक्त त्याच्यामार्फतच येऊ शकते.

यावर २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. लिंक्डइनवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून जी नावे सुचवली जातात, ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या प्रमाणात दाखवून, पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांच्या बाबतीत काय घडले ते संशोधकांनी पाहिले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मधल्या अंतरावरच्या ओळखी: अगदी घरच्यासारख्या नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत, काही समान परिचित असलेल्या. या अभ्यासाने एक मर्यादाही दाखवली. हे डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत जास्त खरे आहे; इतर क्षेत्रांत जवळचे संबंधच अधिक उपयोगी पडले.

तेव्हा लिंक्डइनवर पाच हजार नावे जमवण्यात वेळ घालवू नये. ज्यांना आपले काम थोडेफार माहीत आहे आणि ज्यांचे काम आपल्याला माहीत आहे, अशी साठ-सत्तर माणसे वेगवेगळ्या वर्तुळांत असणे कितीतरी मोलाचे.

पहिला निरोप

खरी अडचण इथून सुरू होते. अनोळखी माणसाला लिहायचे काय? बहुतेक अनुभवी लोकांच्या फोनमध्ये रोज पडणारा निरोप असा असतो: ‘नमस्कार सर, मी जॉब शोधतोय. तुमच्याकडे काही ओपनिंग असेल तर प्लीज सांगा. रेझ्युमे जोडला आहे.’ यात उद्धटपणा काहीच नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच धरता येत नाही. हा कोण, याला काय येते, मलाच का लिहिले, मी नेमके काय करायचे, हे सगळे त्यानेच शोधून काढायचे. दिवसभराच्या कामात ते होत नाही आणि निरोप तसाच राहतो.

आता समजा, नांदेडहून सिव्हिल इंजिनिअर झालेली एक मुलगी सोलापूरला ठेकेदाराकडे पाण्याच्या टाकीच्या कामावर आहे. तिने एका ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंचे व्याख्यान ऐकले आणि हे लिहिले:

‘नमस्कार मॅडम. गेल्या महिन्यात जुन्या टाक्यांच्या गळतीवर तुमचे व्याख्यान ऐकले. मी सोलापूरला एका जमिनीवरच्या टाकीच्या साइटवर आहे. चाचणीसाठी पाणी भरल्यावर भिंतीच्या खालच्या भागात ओल दिसते आहे. भिंत आणि तळाचा स्लॅब यांच्या सांध्यातून पाणी येत असावे असा माझा अंदाज आहे. ठेकेदार लगेच ग्राउटिंग करू म्हणतात. त्याआधी काय तपासावे? दोन ओळींत सांगितलेत तरी पुरेल. दोन फोटो जोडले आहेत.’

या निरोपात नोकरीचा उल्लेख नाही. तरीही वाचणाऱ्याला बरेच कळते: मुलगी साइटवर उभी राहते, स्वतः विचार करते, व्याख्यान खरोखर ऐकते आणि दुसऱ्याच्या वेळेची तिला कदर आहे. उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतील. मॅडम लिहितात: ‘टाकी रिकामी करून टप्प्याटप्प्याने भरा. प्रत्येक पातळीला थांबा आणि ओल कुठे सुरू होते तिथे खडूने खूण करा. गळती कुठून आहे हे नक्की कळल्याशिवाय ग्राउटिंग नको.’

संबंध जुळतो तो याच्या पुढच्या पायरीवर, आणि नेमकी तीच पायरी बहुतेक जण गाळतात. दोन आठवड्यांनी मुलीचा निरोप जातो: ‘मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. सांधा कोरडा आहे. पाइप भिंतीतून आत येतो त्या जागेच्या वर पाणी गेल्यावरच ओल येते. तिथे दुरुस्ती केली, परत भरून पाहिली, आता कोरडी आहे. आभार. खुणांचा फोटो पाठवते आहे.’ सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे क्वचितच कळते. ज्याच्याकडून ते कळते, त्याचे नाव लक्षात राहते. मॅडमच्या ओळखीतल्या कुणाला वर्षभराने साइटवर विश्वासाचे माणूस हवे असेल, तेव्हा त्यांना ही मुलगी आठवेल. तिने काही मागितले म्हणून नव्हे, तर तिचे काम त्यांनी पाहिले म्हणून.

‘मॅडम’, ‘सर’ म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र ‘आपल्यासारख्या थोर व्यक्तीने’ छापाची स्तुती टाळावी. कामाच्या माणसाला कामाचा प्रश्न आवडतो.

गरज पडण्याआधी

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या बाबतीत मनात ठसण्यासारखे आहे. बेळगावात त्यांचा नांगरांचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा नगरपालिकेच्या आदेशाने त्यांना ती जागा सोडावी लागली. यंत्रे होती, कारागीर होते, माल होता. पाय ठेवायला जमीन नव्हती. अशा वेळी औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्यांना जमीन दिली, भांडवलाला हात दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

संस्थानिकाने उद्योजकाला मदत केली, एवढ्यावर ही हकिकत थांबवली तर तिचा अर्धा भाग हरवतो. दोघांचा परिचय आधीपासूनचा होता आणि त्याला चित्रकलेची आवड हा एक धागा होता. लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले. बाळासाहेब स्वतः चित्रकार, रामायणावरची चित्रमाला काढणारे. लक्ष्मणरावांच्या हातातले कसब आणि त्यांची सचोटी संकट येण्याआधीच बाळासाहेबांना ठाऊक होती. अडचणीच्या दिवशी नव्याने ओळख काढून जमीन मिळाली असती, असे वाटत नाही.

आपल्या आयुष्यात संस्थानिक नसतात, पण क्रम तोच असतो. नोकरी गेल्यावर दोनशे जणांना एकाच दिवशी निरोप पाठवणे हे फार उशिराचे पाऊल असते. नोकरी चांगली चालू असताना, काही नको असताना, दर आठवड्याला एखाद्याला फोन किंवा चार ओळी, एवढे पुरते. ‘तुमचा लेख वाचला, अमुक मुद्दा आमच्याकडे लागू पडला’ किंवा ‘तुम्ही शोधत होतात ते यंत्र भोसरीत एकाकडे आहे’. शुभेच्छांची फुले आणि सुविचार मात्र यात धरू नयेत. ते कोणी वाचत नाही.

सभा, क्लब आणि अधिवेशने

व्यावसायिकांनी ठरवून भेटण्याची पद्धत बरीच जुनी आहे. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी वकील पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन परिचित एका ऑफिसात भेटले. पुढे ते आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी भेटू लागले आणि त्यावरूनच क्लबला रोटरी हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच सदस्य, ही त्यांची सुरुवातीची कल्पना. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात इव्हान मिस्नर यांनी सुरू केलेल्या बीएनआयने हाच नियम घट्ट धरला. आठवड्यातून एकदा, बहुधा सकाळी लवकर बैठक. गटात एक छापखानावाला, एक सीए, एक इंटिरिअरवाला. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी काम आणायचे. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब सुरू केला. पुण्यातली मराठा चेंबर १९३४ पासून उद्योजकांना एकत्र आणते आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था १९८१ सालची. तिच्या दर दोन वर्षांच्या अधिवेशनात नाटक, जेवणावळी यांच्याबरोबर उद्योजकांच्या बैठकाही रंगतात.

यांतले कुठले निवडावे? माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा भेटीची वारंवारता पाहावी. वर्षातून एकदा भरणाऱ्या भव्य परिषदेतून खिसाभर कार्डे मिळतात आणि महिन्याभरात ती कोणाची हेही आठवत नाही. पंचवीस माणसांची दर महिन्याला भेटणारी स्थानिक शाखा जास्त देऊन जाते. सीएंच्या शाखेचे अभ्यासवर्ग, डॉक्टरांच्या संघटनेची गावातली शाखा, इंजिनिअरांची व्याख्याने, तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांची संघटना, हे सगळे यात येते.

लाजाळू माणसासाठी एक खात्रीचा उपाय: तिथले एखादे काम अंगावर घ्या. नोंदणीच्या टेबलावर बसा, वक्त्याला स्टेशनवरून आणा, इतिवृत्त लिहा, खर्चाचा हिशेब ठेवा. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाशी येणारा प्रत्येक जण बोलतो. त्याला ‘मी काय बोलू’ हा प्रश्नच पडत नाही. शिवाय हिशेब वेळेवर आणि चोख दिला की सगळ्या सभागृहाला कळते की या माणसावर काम सोपवता येते. तासाभराच्या गोड बोलण्याने हे साधत नाही.

बायकांच्या वाट्याला इथे एक वेगळी अडचण येते. बऱ्याच ओळखी ऑफिस सुटल्यावर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत पक्क्या होतात आणि त्या वेळी अनेकींना घरी पोचायचे असते. कार्यक्रम दुपारी किंवा सकाळी ठेवणे आयोजकांच्या हातात आहे. त्यांनी ते करावे. उपस्थिती आपोआप बदलेल.

तुटलेला धागा

अनेकांना वाटते, पाच वर्षे बोललो नाही, आता कुठल्या तोंडाने फोन करू? डॅनिएल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निगन यांनी नेमके हेच तपासले. त्यांनी नोकरी करत व्यवस्थापन शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगितले की ज्यांच्याशी किमान तीन वर्षे संपर्क नाही अशा जुन्या परिचितांना गाठा आणि सध्याच्या एखाद्या कामावर सल्ला मागा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुन्या ओळखींतून आलेला सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याइतकाच, किंबहुना जास्त उपयोगी आणि नवा निघाला. मधल्या वर्षांत त्या माणसाने वेगळे जग पाहिलेले असते आणि जुना विश्वास मात्र शिल्लक असतो.

फोन करताना लांबलचक माफी नको. ‘बऱ्याच दिवसांनी फोन करतोय, तुझी आठवण या कामावरून झाली’ एवढे खरे बोलावे आणि मुद्द्यावर यावे. समोरचा बहुधा खूश होतो.

शब्द टाकताना

वशिल्याने माणूस चिकटवणे आणि कामाची खात्री असलेल्या माणसाचे नाव सुचवणे, यांतली रेघ सांभाळली पाहिजे. वशिल्यात योग्यता तपासली जात नाही आणि कुणा तिसऱ्याचा हक्क मारला जातो. शिफारशीत सांगणारा स्वतःची पत पणाला लावतो आणि तपासणी पुढे व्हायचीच असते. आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार निवडला गेला तर त्या कर्मचाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत आहे. पण सुचवल्यामुळे फार तर अर्ज वाचला जातो, मुलाखत उमेदवारालाच द्यावी लागते.

म्हणून जे पाहिले तेवढेच सांगावे. ‘मुलगा चांगला आहे’ याला काही अर्थ नाही. ‘दीड वर्ष आमच्या स्टोअरमध्ये होता, वार्षिक मोजणीत त्याच्या रॅकमध्ये फरक आला नाही’ याला आहे. ज्याचे काम माहीत नाही त्याच्यासाठी कुणी गळ घातली, तर ‘तुझा बायोडेटा पुढे देतो, पण मी तुझे काम पाहिलेले नाही हेही सांगेन’ असे म्हणावे. नातेवाइकांत हे बोलणे जड जाते, तरी बोलावे; पुढच्या दहा शिफारशींचे वजन त्यावर अवलंबून असते. आणि आपल्यासाठी कुणी शब्द टाकला असेल, तर निकाल काहीही लागो, तो त्या माणसाला इतरांकडून कळण्याआधी आपल्याकडून कळला पाहिजे.

ज्यांच्याकडे ओळखी आहेत त्यांच्यासाठी

आतापर्यंत सगळे ओळख शोधणाऱ्याला सांगितले. पण ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. आपल्याकडच्या ओळखी अजूनही गाव, जात, शाळा, सोसायटी यांच्या कुंपणात फिरतात, आणि गडचिरोलीच्या किंवा माणदेशातल्या हुशार मुलाला आत येण्याची फट सापडत नाही, कारण त्याला ओळखणारे आपल्यात कोणीच नसते. हे मला मनापासून खटकते. इंटर्न घेताना मित्राच्या मुलाबरोबर एक जागा कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या अर्जदारासाठी ठेवता येते. नेमका प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी निरोपाला उत्तर देता येते. पहिल्या नोकरीत किती पगार मागायचा, बाँडवर सही करावी का, कुठल्या प्रशिक्षणाचे पैसे वाया जातात, हे घरात सांगणारे कोणी नसलेल्या मुलाला अर्ध्या तासात सांगता येते; त्याची त्यातून कित्येक वर्षे वाचू शकतात.

दोघांची गाठ घालून देताना आधी दोघांनाही वेगवेगळे विचारावे. परस्पर कुणाचा नंबर देऊन टाकू नये. होकार आला की एकच निरोप लिहावा: हे कोण, त्या कोण, दोघांनी एकमेकांशी का बोलावे, आणि पहिला फोन कोणी कधी करायचा. नवख्याला फोन करण्याचे धाडस होत नाही, म्हणून वेळ आपणच ठरवून द्यावी: ‘बुधवारी दुपारी चारनंतर मॅडम मोकळ्या असतात, तू फोन कर, त्यांना मी सांगून ठेवले आहे.’